बीओडी २७ अंशांना, मग पाणपिसवांची चाचणी २० अंशांनाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे आला की राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या नदीत किंवा तलावात मासे मरून वर आल्याची बातमी छापून येते. नमुने घेतले जातात, अहवाल येतो आणि अनेकदा त्यातला प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत असतो. मासा मोठा असतो, पांढरे पोट वर करून तरंगतो, म्हणून तो दिसतो. त्याच्या आधी त्याच पाण्यातून जे जीव नाहीसे झालेले असतात ते एक-दोन मिलिमीटरचे असतात आणि त्यांची बातमी होत नाही. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे. नेमके सांगायचे तर, त्यांच्यावर रसायनांचा परिणाम मोजताना आपण तापमान चुकीचे धरतो, याबद्दल.

हे जीव म्हणजे डाफ्निया, मोइना, सिरिओडाफ्निया या पाणपिसवा, चक्रधारी रोटिफर, सायक्लोप्स, कायरोनोमसच्या लाल अळ्या, मेफ्लायची पिल्ले, चतुर-टाचण्यांच्या अळ्या, गोगलगायी, शिंपले. सायक्लोप्स हे नाव जुन्या पिढीला नारूमुळे ठाऊक असेल. नारूचा जंतू याच जीवाच्या पोटातून माणसात जायचा आणि तो मोडून काढायला विहिरी-बारवांत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकले जायचे. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. पाणपिसवा शेवाळाचे कण गाळून खातात आणि माशांची पिल्ले पहिले काही दिवस बहुतांशी त्यांच्यावर जगतात. त्या गेल्या की पाणी हिरवे होते आणि माशांच्या पिल्लांची उपासमार होते. दोन्ही परिणाम काही आठवड्यांनी दिसतात, तोवर मूळ विष वाहून गेलेले असते.

रसायन या जीवांना किती घातक आहे हे ठरवण्याची जगभर मान्य असलेली पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची २०२ क्रमांकाची चाचणी आहे. डाफ्निया मॅग्ना या पाणपिसवेची २४ तासांपेक्षा कमी वयाची पिल्ले घ्यायची, प्रत्येक तीव्रतेला २०, शक्यतो पाच-पाचच्या चार गटांत. खायला काही द्यायचे नाही. २४ आणि ४८ तासांनी भांडे हलकेच ढवळून १५ सेकंद पाहायचे. जे पिल्लू पोहत नाही ते ‘निश्चल’ धरायचे. निम्मी पिल्ले ज्या तीव्रतेला निश्चल होतात ती ईसी-५०. नियंत्रण गटात, म्हणजे रसायन नसलेल्या भांड्यांत, १० टक्क्यांहून जास्त निश्चल झाली तर चाचणी बाद. आणि तापमान? १८ ते २२ अंशांच्या दरम्यान, एका चाचणीत एका अंशाहून जास्त फरक नको. पद्धत चोख आहे, तिच्याशी भांडण नाही. पण ती थंड प्रदेशांतल्या पाण्यासाठी आणि तिथल्याच प्राण्यावर बसवलेली आहे. महाराष्ट्रात नदीचे पाणी २० अंशांना असते ते डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. उन्हाळ्यात पसरट, उथळ पाणी दुपारी ३० अंशांच्या पुढे सहज जाते. डाफ्निया मॅग्ना तर ३० च्या वर फार काळ तगच धरत नाही. आपल्याकडच्या तळ्यांत तिच्याऐवजी मोइना आणि सिरिओडाफ्निया दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

तापमान आपल्या हवेप्रमाणे बदलता येते, हे आपल्याच मानकांनी एकदा मान्य केलेले आहे. सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचे माप, पूर्वी ५ दिवस २० अंशांना मोजत. आता भारतीय पद्धतीत ती ३ दिवस २७ अंशांना मोजतात. आयएस ३०२५ या भारतीय मानकाचा ४४ वा भाग १९९३ पासून तेच सांगतो. कारण साधे होते. आपल्या नद्यांचे पाणी २० अंशांना नसते, आणि उन्हाळ्यात २० अंश राखायला वीज फार लागते. म्हणजे जिवाणूंच्या बाबतीत जो विचार तीन दशकांपूर्वी झाला, तो पाणपिसवांच्या बाबतीत अजून व्हायचा आहे.

आता तापमानाने नेमके काय बदलते ते पाहू. इथे एक सरळ वाक्य सांगायचा मोह होतो, की पाणी तापले की विष वाढते. ते अर्धेच खरे आहे.

आधी प्राणवायू. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवर यातून आणखी सहाएक टक्के कमी करा. या जीवांचे शरीरतापमान पाण्याचेच असते, त्यामुळे दर १० अंशांना त्यांची प्राणवायूची गरज ढोबळपणे दुप्पट होते. पुरवठा सहाव्या हिश्शाने घटतो आणि मागणी दुपटीने वाढते. मग प्राणी कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवतो आणि त्या पाण्याबरोबर विरघळलेले तांबे, कॅडमियम, कीटकनाशक हेही जास्त वेळा कल्ल्यांना लागते. म्हणून एकाच तीव्रतेच्या पाण्यात उष्ण प्राण्याच्या अंगात विष लवकर साचते. पाणपिसवांकडे यावर एक उपाय असतो. प्राणवायू कमी पडला की त्या हिमोग्लोबिन बनवतात आणि गुलाबी दिसू लागतात. चाचणीसाठी टबात वाढवलेल्या पिसवा गुलाबी झाल्या तर चाचणीला त्या घेऊ नयेत, त्या आधीच ताणाखाली आहेत.

दुसरी गोष्ट रसायनाची स्वतःची. क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके जशीच्या तशी फारशी जहाल नसतात. शरीरात त्यांचे ऑक्सॉन हे जहाल रूप तयार होते आणि ते मज्जासंस्थेतले एन्झाइम बंद पाडते. हे रूपांतर उष्णतेत वेगाने होते, म्हणून ही रसायने गरम पाण्यात जास्त मारक ठरतात. क्लोरपायरिफॉसची डाफ्नियासाठीची ४८ तासांची ईसी-५० २० अंशांनाच लिटरमागे एका मायक्रोग्रॅमच्या खाली आहे. उलट सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइडे कीटकांवर थंडीत जास्त घातक असतात. मज्जापेशींच्या सोडियम-मार्गिका त्यांच्यामुळे उघड्या राहतात आणि कमी तापमानाला त्या आणखी उशिरा मिटतात, शिवाय शरीरातून हे विष हळू निघते. तेव्हा पायरेथ्रॉइडाची चाचणी ३२ अंशांना करून ‘धोका कमी’ म्हणणे हीसुद्धा फसवणूकच. थंडीत हरभऱ्यावर फवारलेले सायपरमेथ्रिन थंड ओढ्यात उतरते, त्याला १८-२० अंशांचीच चाचणी हवी. शिवाय गरम पाण्यात बरीच कीटकनाशके लवकर विघटित होतात. म्हणजे मारण्याचा जोर वाढतो, पण मुदत घटते. दोन्हींचा हिशोब कागदावर जुळत नाही, तो करून पाहावा लागतो. एका तापमानाचा आकडा पुरत नाही तो या कारणाने.

तिसरी गोष्ट अमोनियाची, आणि आमच्या मते शहरातल्या नद्यांसाठी हीच सर्वात महत्त्वाची आहे. सांडपाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन फारसा त्रास देत नाही, मुक्त अमोनिया मात्र कल्ल्यांतून थेट आत शिरतो. कुठले रूप किती, हे सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता) आणि तापमान ठरवतात. सामू ८ असताना २० अंशांना ३.८ टक्के अमोनिया मुक्त असतो, ३० अंशांना ७.४ टक्के. जवळजवळ दुप्पट, आणि बाटलीत नवे काहीच घातलेले नाही. नदीत तर सामूही स्थिर नसतो. सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सामू वर चढवते. लिटरमागे १० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असलेले पाणी घ्या. सकाळी सामू ७.५ आणि पाणी २६ अंश असेल तर मुक्त अमोनिया ०.१९ मिलिग्रॅम येतो. त्याच जागी दुपारी सामू ८.८ आणि पाणी ३१ अंश असेल तर ३.५. अठरा पट. यातला मोठा वाटा सामूचा आहे, तापमानाचा लहान, पण दोन्ही एकाच वेळी चढतात हीच अडचण. मत्स्यजीवनासाठीच्या ‘ड’ वर्गाच्या पाण्यात मुक्त अमोनियाची मर्यादा १.२ मिलिग्रॅम आहे. सकाळी दहाला बाटली भरली तर नदी पास, दुपारी साडेतीनला भरली तर नापास. आणि सर्वात कमी प्राणवायू पहाटे असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेते. सकाळी दहाच्या सुमारास घेतलेला नमुना ही दोन्ही टोके चुकवतो.

आपल्या नियमांकडे येऊ. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत नदी-नाल्यात सोडण्याच्या पाण्यासाठी जैवचाचणी आहे. शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. चाचणी असणे चांगलेच. पण तांबे, ऑर्गॅनोफॉस्फेट, पायरेथ्रॉइड यांच्या बाबतीत पाणपिसवा माशांपेक्षा कितीतरी हळव्या आहेत. त्याच अनुसूचीत तांब्याची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आणि जस्ताची ५ मिलिग्रॅम आहे. मध्यम जडपणाच्या स्वच्छ पाण्यात डाफ्निया लिटरमागे काही दशक मायक्रोग्रॅम तांब्याने निश्चल होते. म्हणजे कायदेशीर पाणी दहा-वीस पट पातळ झाले तरी तिला सोसत नाही. पावसाळ्यात नदी ते पातळ करते. मे महिन्यात नदीत वाहते ते बहुतेक सांडपाणीच असते, पातळ करायला पाणी आणायचे कुठून?

तापमानाची मर्यादा तर सापेक्ष आहे. सोडलेले पाणी ज्या पाण्यात मिसळते त्याच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम नसावे. जानेवारीत २१ चे २६ झाले तर फारसे बिघडत नाही, उलट काही जीव भराभर वाढतील. मे महिन्यात ३२ चे ३७ झाले तर मोइनासारखी उष्णता सोसणारी जातही अडचणीत येते. जिवाच्या सहनशक्तीला वरची कड असते, नियमाला मात्र ती नाही. नियमात ‘५ अंश वाढ, आणि मिसळल्यानंतर अमुक अंशांच्या वर नाही’ अशी दोन कलमे एकत्र हवीत.

शेतीतले तांबेही यात येते. कोकण-गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर आणि नाशिक-सांगलीत द्राक्षावर बोर्डो मिश्रण वापरतात. एक टक्क्याचे मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचुदात चौथा हिस्सा तांबे असते, त्यामुळे एक लिटर मिश्रणात सुमारे अडीच ग्रॅम तांबे आले. पंप धुताना उरलेले एक लिटर ओढ्यात ओतले तर ते ५० मायक्रोग्रॅमपर्यंत पातळ व्हायला ५० हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. चुन्यामुळे यातले बरेच तांबे न विरघळणाऱ्या रूपात असते आणि चिखल, कुजलेला पाला ते आणखी धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम इतका वाईट नसतो. पण गाळात बसलेले तांबे कायरोनोमसच्या अळ्या आणि गोगलगायी खातात. पंपाचे धुवण ओढ्यात न ओतता त्याच बागेत, पाण्यापासून दूर, झाडांच्या ओळीत पसरून टाकावे. याला खर्च काहीच नाही.

एकाच प्राण्यावर विसंबण्याचा धोकाही सांगायला हवा. इमिडाक्लोप्रिडची डाफ्नियासाठीची ईसी-५० लिटरमागे ८५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. तेवढ्यावर पाहिले तर औषध निरुपद्रवी वाटते. पण मेफ्लायच्या पिल्लांना आणि कायरोनोमसच्या अळ्यांना ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्ये आडवे करते, हजारो पटींनी कमी मात्रेत. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झामचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांसाठी. पाण्यातल्या कीटकांचा पुरावाही तितकाच भक्कम होता, त्याची चर्चा कमी झाली एवढेच. आपल्याकडे कापसाच्या बियाण्याला हे चोळलेले असते आणि ते पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे पाणपिसवेबरोबर कायरोनोमसची चाचणी हवीच. तिच्यासाठी ओईसीडीची २३५ क्रमांकाची पद्धत तयार आहे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ही दोन तापमानांची चाचणी कशी बसवता येईल, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘आपल्याकडे सोय नाही’ हे उत्तर ठरलेले असते. बीओडी मोजणाऱ्या प्रत्येक ठिकाणी २७ अंशांचा इनक्युबेटर असतोच. दुसरे तापमान ३२ घ्यावे. त्यासाठी काचेची किंवा प्लॅस्टिकची टाकी, पाण्यात थर्मोस्टॅटचा ॲक्वेरियम हीटर, आणि पाणी फिरते ठेवायला छोटा पंप. चाचणीची भांडी त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवायची. हीटरच्या डायलवर विश्वास ठेवू नये, एक-दोन अंश चुकीचे दाखवणारे हीटर सर्रास मिळतात. टाकीच्या दोन टोकांना दोन थर्मामीटर ठेवावेत.

प्राणी मोइना. स्थानिक तळ्यातून गाळून आणावी, सूक्ष्मदर्शकाखाली जात पक्की करावी आणि एका मादीपासून वंश वाढवावा. मोइना अनुकूल काळात नराशिवाय पिल्ले देते, त्यामुळे सगळी पिल्ले सारखी मिळतात. २० लिटरच्या टबला अर्धा ग्रॅम बेकरीचे यीस्ट पुरते, दर पाच दिवसांनी त्याच्या निम्मे. जास्त घातले तर ते कुजते, प्राणवायू संपतो आणि एका रात्रीत सगळा टब बसतो. नुसत्या यीस्टवर पिल्ले अशक्त निघतात, म्हणून क्लोरेल्ला या शेवाळाचे हिरवे पाणी जोडीला द्यावे. नळाचे पाणी एक-दोन दिवस हवा सोडून ठेवले की साधा क्लोरीन जातो. क्लोरामाइन जात नाही, त्याला सोडियम थायोसल्फेटच लागते. टबमध्ये काळसर, खोगिराच्या आकाराची अंडी किंवा नर दिसू लागले तर गर्दी किंवा उपासमार झाली आहे असे समजावे आणि त्या टबची पिल्ले चाचणीला घेऊ नयेत.

सर्वात जास्त चुका होतात त्या तापमान बदलताना. २७ अंशांवर वाढलेली पिल्ले उचलून ३२ मध्ये टाकली आणि ती मेली, तर विषाने मेली की धक्क्याने हे कळत नाही. वंशच दोन टबांत वेगळा करावा, एकाचे तापमान रोज एका अंशाने वाढवत न्यावे आणि त्या तापमानाला निदान दोन पिढ्या जाऊ द्याव्यात. मोइना उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत वयात येते, त्यामुळे हे दोन आठवड्यांत होते. दोन्ही तापमानांना आपापला नियंत्रण गट हवा. ३२ च्या नियंत्रण गटात १० टक्क्यांहून जास्त निश्चल झाली तर निष्कर्ष काढू नये, वंश अजून रुळलेला नाही.

नमुना रंगीत काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फाच्या डब्यात आणावा आणि ३६ तासांत चाचणीला घ्यावा. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतीला पायरेथ्रॉइड आणि क्लोरपायरिफॉस चिकटून बसतात आणि पाणी उगाच स्वच्छ ठरते. थंड नमुना एकदम तापवला की विरघळलेली हवा बुडबुड्यांनी सुटते, ती पिसवांच्या कवचाखाली अडकते आणि त्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. अशी पिल्ले निश्चल म्हणून मोजली तर सगळा आकडा खोटा. नमुना सावकाश तापवावा, पिल्ले रुंद तोंडाच्या ड्रॉपरने पाण्याच्या आत सोडावीत, वरून टाकू नयेत.

पाण्यात नमुन्याची तीव्रता १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के, अधिक नियंत्रण. प्रत्येकी पाच पिल्लांची चार भांडी, भांड्यात २५ मिलिलिटर. एका तापमानाला १२० पिल्ले, दोन्हींना २४०. प्राणवायू, सामू आणि तापमान सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक तीव्रतेच्या एका भांड्यात मोजायचे. सामू मुद्दाम बदलू नये. उघड्या भांड्यातून कार्बन डायऑक्साइड उडून सामू आपोआप चढतो आणि अमोनिया असलेल्या नमुन्यात तेवढ्यानेही पिल्ले मरतात. म्हणून भांडी काचेने झाकावीत आणि शेवटचा सामू अहवालात लिहावाच. प्राणवायू ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर मरण विषाचे की गुदमरण्याचे हे सांगता येत नाही, तसे नोंदवून चाचणी पुन्हा करावी.

वंश नेहमीसारखा आहे का, हे पाहायला महिन्यातून एकदा ओळखीच्या विषाची चाचणी लावतात. ओईसीडीच्या पद्धतीत त्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट आहे, पण ते कर्करोगकारक. विद्यार्थ्यांच्या हाती देण्यापेक्षा शुद्ध सोडियम क्लोराइड घ्यावे, काम तेच होते. आलेला आकडा दर महिन्याला आलेखावर मांडत राहावा. तो अचानक घसरला तर नदीला दोष देण्याआधी टबकडे पाहावे.

निकाल विषारीपणाच्या एककांत लिहिला तर सामान्य वाचकालाही कळतो. १०० ला ईसी-५० ने भागायचे. समजा, २७ अंशांना ईसी-५० ४० टक्के आली तर २.५ एकके, आणि त्याच नमुन्याची ३२ अंशांना १६ टक्के आली तर ६.२५. हे आकडे फक्त रीत समजावण्यासाठी घेतलेले आहेत. पण असा फरक दिसला तर त्या केंद्राने उन्हाळ्यात पाणी थंड करून आणि जास्त शुद्ध करून सोडले पाहिजे, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिता येते. उलट फरक दिसला तर पायरेथ्रॉइडचा संशय घेऊन हिवाळ्यातले नमुने वाढवता येतात.

परदेशात हे नवे नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत रेंजर युरेनियम खाणीच्या पाण्यासाठी डाफ्निया मॅग्ना न वापरता तिथलीच मोइनोडाफ्निया मॅक्लेयी ही पाणपिसू २७ अंशांना वापरली गेली. अमेरिकेत सिरिओडाफ्नियाची दीर्घ चाचणी २५ अंशांना होते. स्थानिक प्राणी आणि स्थानिक तापमान घेतल्याने शास्त्र ढिले होत नाही.

डासांच्या औषधाबद्दलही एक शब्द. साचलेल्या पाण्यात टाकले जाणारे टेमेफॉस ऑर्गॅनोफॉस्फेटच आहे. डासांच्या अळ्यांबरोबर ते पाणपिसवा आणि डासांच्या अळ्या खाणाऱ्या चतुरांच्या अळ्यांनाही मारते. ३० अंशांच्या आसपास डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत पुन्हा उडू लागतो, चतुराच्या अळीला त्याच कामाला महिने लागतात. म्हणून टाक्या, टायर, कुंड्या यांत टेमेफॉस चालेल, जिवंत तळ्यात नको. तिथे बीटीआय हा जिवाणू वापरावा. तो डासांच्या अळ्यांवर नेमका चालतो आणि पाणपिसवांना सोडतो. कायरोनोमसला मोठ्या मात्रेत त्याचाही त्रास होतो, तेव्हा मात्रा लेबलवरचीच ठेवावी.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. मार्च ते जून या महिन्यांत प्रत्येक नदीच्या निदान एका ठिकाणी पहाटे आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास असे दोन नमुने घ्यावेत. अमोनियाच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या क्षणाचा सामू, तापमान आणि वेळ छापावी. या तिघांशिवाय तो आकडा वाचताच येत नाही. माशांच्या जैवचाचणीसोबत मोइनाची चाचणी २७ आणि ३२ अंशांना आणि कायरोनोमसची निदान एका तापमानाला सक्तीची करावी. सोडलेल्या पाण्याच्या तापमानाला वरची कड ठरवावी. ती किती असावी हे याच चाचण्यांतून दोन उन्हाळ्यांत कळेल. यांतली पहिली दोन कामे करायला नवा नियम, नवे यंत्र काहीच लागत नाही. थर्मामीटर आणि सामूमापक नमुना घेणाऱ्याच्या पिशवीत आधीच असतो, त्याच्या तक्त्यात तीन रकाने वाढवायचे आहेत आणि त्याच्या फेरीची वेळ बदलायची आहे.

आपले नम्र,
गोड्या पाण्यातील जीवांचे काही अभ्यासक, पुणे